काटे काढून देतानाचा आवाज

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची. मीरा रोडला हाटकेशच्या त्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये प्रत्येक मालकाचा सुट्टीचा वार वेगळा, आणि आमच्या शेठनं शुक्रवारच का धरला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. तिथं स्टीलची भांडी बनत. मी काचेच्या केबिनमध्ये बसून कॉम्प्युटरवर बिलं करायचो आणि काचेपलीकडे पॉलिशची चाकं दिवसभर किंचाळत असायची. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळे हातवाऱ्यांनी भागवत. चहा हवा असेल तर अंगठा ओठांशी, शेठ आला असेल तर पोटावरून गोल हात. मी तिथं काही वर्षं काढली, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा आवाज कसा होता ते मला आज आठवत नाही. बहुधा मी तो कधी ऐकलाच नसावा.

घरची तऱ्हा वेगळी. लालबागची खोली विकून आईवडिलांनी गोडदेवात हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, गावचं घर दुरुस्त केलं, आणि वडील रिटायर झाल्याबरोबर दोघं गावी निघून गेली. ‘तू लग्न कर, मग आम्ही येतो,’ असं आई जाताना म्हणाली. मी लग्न करत नव्हतो आणि ती दोघं येत नव्हती. दोन्ही बाजू शब्दाला पक्क्या होत्या. लालबागला चाळीत कुणाचं दार दुपारी लावलेलं दिसलं तर माणसं ‘बरं नाही का’ म्हणून विचारायची. इथं दार उघडं दिसलं तर चोर शिरला की काय म्हणून बघतील. रविवारी सगळी बिल्डिंग घरात असताना मी कारखान्यात, आणि शुक्रवारी मी घरात असताना जिन्यावर फक्त कबुतरं. शेजाऱ्यांना मी त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखायचो.

अशा माणसाच्या घरात इंटरनेट आलं की तो काय करणार. केबलवाल्यानं टीव्हीच्या वायरीबरोबर आणखी एक वायर खिडकीतून आत घेतली आणि मी एका फोरमवर जाऊन पडलो. कॉलेजात असताना मी समुद्रप्रवासाचा एक परदेशी गेम वेड्यासारखा खेळलो होतो. तो बनवणाऱ्यांनी त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं, पण जगभर विखुरलेले त्याचे काही चाहते त्याला स्वतःच एक नवा भाग जोडत होते. फुकट, फावल्या वेळात, एकमेकांचं तोंडही न बघता. कुणी चित्रं काढायचं, कुणी बेटं रचायचं, कुणी संगीत द्यायचं. मला यातलं काहीच येत नव्हतं. म्हणून मी लिहिलं की मी याची मराठी आवृत्ती करतो, मराठी आवाजांसकट. ती कुणी मागितली नव्हती. फोरमचा म्होरक्या कुठल्याशा थंड देशात राहायचा. त्यानं ‘छान, करा’ एवढं उत्तर दिलं. आगंतुकाला पंगतीत वाढतात तेवढीच आपुलकी होती त्यात, पण मला ती पुरली.

वाक्यांचं भाषांतर मी भराभर केलं. आवाज कुठून आणायचे हा प्रश्न नंतर पडला, कारण आवाजाला माणूस लागतो.

मी सोसायटीच्या फळ्यावर कागद लावला: कॉम्प्युटर गेमसाठी हौशी आवाज हवेत, मानधन नाही. शेवटचे दोन शब्द कुणी वाचले नसावेत. पहिला आला तो सिरियलमध्ये काम मिळवायला मीरा रोडला येऊन राहिलेला एक तरुण. आवाजाच्या कामासाठी तो स्वतःचे फोटो घेऊन आला होता. सुटात, बनियनमध्ये आणि ओलाचिंब. मी म्हटलं, ‘इधर सिर्फ आवाज लगता है.’ तो म्हणाला, ‘हां, लेकिन एक्स्प्रेशन तो देखो.’ मग दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका आले. त्यांना खलनायकाचं हसू उत्तम जमायचं. फक्त हसूच. वाक्य आलं की ते गिऱ्हाइकाशी बोलावं तसे मऊ व्हायचे. पहिल्या मजल्यावरच्या रिटायर्ड बँकवाल्यांनी बँकेच्या नाट्यस्पर्धांत बक्षिसं मिळवली होती. ते प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेसाठी म्हणायचे आणि म्हणून झालं की डावीकडे निघून जायचे, माइक उजवीकडे असला तरी. त्यांना मी जहाजाच्या कप्तानाचं काम दिलं, कारण तो सबंध गेमभर वादळात असतो.

हे सगळं जमत होतं. अडलं होतं ते धक्क्यावरच्या बाईपाशी. खेळणारा ज्या धक्क्यावरून होडी सोडतो आणि जिथं परत येतो, तिथं एक बाई बसलेली असते. ती भरतीची वेळ सांगते, खडक कुठे आहे ते सांगते, परत आलेल्याची विचारपूस करते. आणि खेळणारा काहीच न करता नुसता उभा राहिला, तरी थोड्या वेळानं ती आपण होऊन काहीतरी बोलते. गेममध्ये अशी वाक्यं असतात. खेळणारा थांबला तर जग मेल्यासारखं वाटू नये म्हणून. मला सगळ्या गेममध्ये तीच वाक्यं आवडायची. कोण कुठला परका माणूस काही न बोलता उभा आहे, आणि समोरची बाई त्याला बोलायला लावतेय. मला त्यासाठी चांगला आवाज हवा होता. खरं सांगायचं तर मला तो गेमपेक्षाही जास्त हवा होता.

आणि तो रोज माझ्या जिन्यातून वर येत होता.

आमच्याकडे पाण्याची बोंब. म्युनिसिपालिटीचं पाणी खालच्या टाकीत कधी पडेल याचा नेम नसायचा, आणि पडलं की वॉचमन पंप लावून थोडाच वेळ ते घराघरात सोडायचा. तळमजल्यावर एक मावशी राहायच्या. त्यांना ती टाकी खिडकीतून ऐकू यायची. पाण्याची धार सुरू झाली की त्या जिन्याच्या पायाशी येऊन वर बघून हाक द्यायच्या, ‘पानी आयलंऽऽ. भरा गोऽऽ.’ तो आवाज न चिरता, न फाटता पाचव्या मजल्यापर्यंत जायचा. मी तो कित्येक महिने ऐकला आणि प्रत्येक वेळी बादली घेऊन धावलो. पाण्याच्या नादात आवाजाकडे लक्षच गेलं नव्हतं. एका शुक्रवारी माझी बादली आधीच भरलेली होती. तेव्हा मी पहिल्यांदा नुसता उभा राहून ऐकलं.

मावशी मूळच्या गोडदेवच्याच. आमची बिल्डिंग उभी होती ती त्यांच्या अंगणात, आणि बिल्डरनं जागेच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरचा फ्लॅट दिला होता. त्यांच्या माणसांची खाडीत होडी होती, नवरा गेल्यावर ती विकली. बिल्डिंगमध्ये फक्त त्यांचंच दार दिवसभर उघडं असायचं. मी खाली गेलो तेव्हा त्या सुकट निवडत होत्या.

‘मावशी, एक काम होतं. तुमचा आवाज पाहिजे.’

‘घे की. फुकटचाच हाय.’

‘कॉम्प्युटरच्या गेममध्ये घालायला.’

‘पोरं खेलतात त्या?’

‘हो. जगभरची पोरं.’

त्यांचा हात सुकटीवर थांबला. ‘मस्कतची पन?’

मस्कतला त्यांचा एकुलता मुलगा होता. तिथंही सुट्टी शुक्रवारची, म्हणून त्याचा फोन शुक्रवारी यायचा, आणि तो सबंध बिल्डिंगला कळायचा. कारण मस्कत लांब आहे, तेव्हा तिथपर्यंत पोचायला तेवढ्याच जोरानं बोललं पाहिजे असं मावशींचं मत होतं. जिन्याखालून पाचव्या मजल्याला जो आवाज लागायचा, त्याच्या वरचा त्या मस्कतला लावायच्या. नातू सहा-सात वर्षांचा. तो तिथंच जन्मलेला, आजीला एकदाच पाहिलेला. तो फोन घ्यायचा, ‘हॅलो आजी’ म्हणायचा, आजी इकडून गरजायची, आणि तो घाबरून फोन बापाच्या हातात द्यायचा. मुलानं सांगितलं होतं की तो दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळतो.

‘मस्कतचीपण,’ मी म्हटलं.

‘मंग घे. माजा आवाज त्याच्या कानात जाव दे येकदा.’

तेव्हा कळलं की या कामात मावशींचा जीव कुठे अडकलाय. माझा कुठे अडकलाय ते मी त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी, मस्कतचा फोन आटोपला की त्या वर यायच्या. माझ्याकडे कसला आलाय स्टुडिओ. लोखंडी कपाट आणि पलंग यांच्यामधल्या जागेत मी कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर आईच्या गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून घुमणार नाही. आत एक पाट मावशींना आणि एक मला. मधे माइक. पंखा बंद, खिडक्या बंद, दोघं घामानं निथळत. मग कधी पाण्याचा टँकर मागे येत भोंगा वाजवायचा, कधी भंगारवाला ओरडायचा, कधी काकांकडची गुजराती सिरियल रडायला लागायची. की थांबा. मावशींना छापील अक्षर वाचायला त्रास व्हायचा, म्हणून आधी मी वाक्य वाचायचो आणि मग त्या म्हणायच्या. माझा आवाज फाटका आणि सपाट आहे. तो नंतर कापून टाकायचा, एवढाच त्याचा उपयोग.

पहिले काही शुक्रवार वाया गेले. ‘भरती लागली, होडी सोड’ हे वाक्य त्यांनी असं म्हटलं की वरच्या मजल्यावरच्या बाईनं नळ सोडून पाहिला असेल. मी म्हटलं, ‘मावशी, हळू. मी इथंच आहे.’ त्यांनी आवाज खाली घेतला, तर तो एकदम मेला. कुणाच्या घरी दुःखाला गेल्यावर बोलतात तसा. मी आणखी समजावलं, त्या आणखी बिघडल्या. मला राग यायला लागला होता. मी थोडा चिडखोर आहे, आणि गोधडीखाली कुणाचाही स्वभाव सुधारत नाही.

मग मी विचारलं, ‘मुलगा लहान असताना मासे खायचा का?’

‘मंग काय खाईल.’

‘काटे?’

‘मी काढून द्यायची ना. खाडीतली बोय, बारीक काटे. ताटाशी बसायची, निवडून निवडून त्याच्या पुढ्यात ठेवायची.’

‘तेव्हा ओरडून बोलायचात?’

‘वरडून कशाला? तो खातोय, मी त्याच्या ताटात बघतेय.’

‘मग तो जेवायला बसलाय. तुम्ही काटे काढून देताय. आणि त्याला सांगा, डावीकडे खडक आहे.’

त्यांनी माइककडे पाहिलंच नाही. मांडीपुढच्या रिकाम्या फरशीकडे बघितलं, बोटं हलवली, आणि म्हणाल्या, ‘डावीकडं खडक हाय. त्याला खेटून नको जाऊस.’

माझ्या अंगावर काटा आला. आवाज तोच होता, पण तो आता पाच मजले चढत नव्हता. वीतभर अंतरावर, एकाच माणसाच्या ताटाजवळ थांबला होता. मी भाषांतरात ‘आहे’ लिहिलं होतं, त्यांनी ‘हाय’ म्हटलं होतं, आणि तेच बरोबर होतं. त्या दिवसापासून ‘काटे’ हा आमच्यातला शब्दच झाला. आवाज चढला की मी म्हणायचो, ‘मावशी, काटे,’ आणि त्या खाली बघायच्या. मी तुकडे फोरमवर चढवले. कुणीतरी फार लांबून लिहिलं की एक शब्दही कळला नाही, पण ऐकून झाल्यावर आईला फोन केला. मी ते मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘शाना हाय पोरगा.’

मधे मधे, पंप बंद होण्याची वाट बघत, आम्ही बोलायचो. म्हणजे त्या बोलायच्या. खाडी पूर्वी कुठपर्यंत यायची, मिठागराच्या बांधावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, कशा धरायच्या, माझी आई कशी काय मला एकटं टाकून गेली. जेवलास का, काय जेवलास, भात लावता येतो का. आठवडाभर पॉलिशच्या चाकांनी बधिर झालेले माझे कान शुक्रवारी उघडायचे. मी मुद्दाम वाक्यं वाढवायला लागलो. मूळ गेममध्ये नुसत्या उभ्या राहिलेल्या माणसासाठी मोजकी वाक्यं होती. मी नवी लिहिली, आणखी नवी लिहिली. मावशींना वाटायचं गेम फार मोठा आहे.

मग एका शुक्रवारी दुपार झाली आणि खालून मस्कतचा आवाज आला नाही. मी वाट पाहिली. फोनच आला नसेल, किंवा त्यांना बरं नसेल, म्हणून खाली गेलो. दार उघडंच होतं. मावशी पाटावर बसून, रिसीव्हर गालाला लावून, फरशीकडे बघत बोलत होत्या. इतक्या हळू की मी दारात होतो तरी कान द्यावा लागला. ‘...मंग भरती लागली. धक्क्यावरची बाई त्याला काय बोलली? डावीकडं खडक हाय, बाला, त्याला खेटून नको जाऊस.’ मग त्या थांबल्या. तिकडून प्रश्न येत होते. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘न्हाय रं, बुडत न्हाय तो.’

मोकळ्या हाताची बोटं फरशीवर काटे निवडत होती.

मी चपला हातात घेऊन वर आलो. मला फार आनंद झाला, आणि जिना चढेपर्यंत फार एकटं वाटायला लागलं. दोन्ही खरं आहे. समोर एकच माणूस आहे असं समजून बोलायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तो माणूस मी नव्हतो हेही मला ठाऊक होतं. पण समोरच्या पाटावर मीच बसायचो ना. त्या दिवशी त्या वर आल्याच नाहीत. गोधड्यांच्या आत मी माइक चालू करून थोडा वेळ बसलो, आणि माझ्या श्वासाचा आवाज फार मोठा येतो हे लक्षात आलं.

पुढच्या शुक्रवारी त्या आल्या, पण उशिरा, कारण आता फोन लांबायचा. मुलगा कौतुकानं म्हणाला होता की पोरगं शुक्रवार उजाडला की फोनजवळ जाऊन बसतं. मावशींना आता गेमची गरज उरली नव्हती. तरी त्या यायच्या. शब्द दिला होता म्हणून.

एकच वाक्य राहिलं होतं. गेमच्या शेवटी खेळणारा कायमचा निघतो तेव्हा ती बाई त्याला म्हणते, ‘जा आता. मी थांबणार नाही.’ मी वाचलं.

‘म्हणा ना.’

‘मी न्हाय बोलायची. जानाऱ्याला जा बोलू नये. ये जाऊन, असं बोलावं.’

हे काय मला ठाऊक नव्हतं? आमच्याही घरात कुणी बाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं तर आई दारातून परत बोलवायची आणि ‘येतो’ म्हणवून घ्यायची. पण मी अडून बसलो. म्हटलं, ‘मावशी, हा परत येत नाही. गोष्टच तशी आहे. इथं गेम संपतो.’

‘तुना काय ठाव, येतो का न्हाय ते?’

‘मीच भाषांतर केलंय.’

‘मंग तू बोल जा. मी बोलेन ये जाऊन.’ आणि त्यांनी फरशीकडे बघून, न विचारता, माइक चालू असताना म्हटलं, ‘ये जाऊन, बाला.’

म्होरक्यानं सगळी वाक्यं मुळाबरहुकूम मागितली होती. त्या आठवड्यात मी एक उद्योग केला. मावशींच्या दुसऱ्या एका वाक्यात ‘जाळं’ होतं. त्यातला ‘जा’ कापला, आणखी कुठून कुठून तुकडे घेऊन पुढचं जोडलं, आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य म्हणवून घेतलं. कारागिरी बरी झाली होती. एकदा लावून ऐकलं. मावशींच्या आवाजात मावशी मला जा म्हणत होत्या. मी ते पुसून टाकलं आणि त्या जागी ‘ये जाऊन, बाला’ ठेवलं. म्होरक्याला मराठी कुठे येत होतं.

पुढच्या काही महिन्यांत मुलगा न्यायला आला. नातवानं आजीचा हट्ट धरला होता. आधी थोड्या दिवसांसाठी, मग बघू, असं तो म्हणाला, पण त्यानं घरातला फ्रिज रिकामा करून उघडा ठेवला होता, त्यावरून मला कळलं. गेटाशी टॅक्सी उभी होती. मी बॅग ठेवली. मावशींनी आपल्या दाराला कुलूप घातलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘येते, बाला.’

‘या,’ मी म्हटलं. ते रेकॉर्डिंग असतं तर मी मलाच परत म्हणायला लावलं असतं.

त्या गेल्यावर पाणी येऊन गेलेलं कुणालाच कळेना. दोनदा सगळी बिल्डिंग कोरडी राहिली, मग सोसायटीनं जिन्यात इलेक्ट्रिक बेल बसवली. ती पॉलिशच्या चाकासारखी वाजते. त्यानंतर एका सकाळी फोरमचं पान उघडेना. म्होरक्याला जुळं झालं होतं आणि बाकीच्यांना नोकऱ्या लागल्या होत्या, असं कुणीतरी नंतर कळवलं. भांडण नाही, काही नाही. जत्रा उठते तसे सगळे उठले. नवा भाग कधीच बाहेर आला नाही. आवाज बसतात की नाही ते बघायला त्यांनी मला फक्त धक्क्याचा भाग पाठवला होता. तेवढा माझ्या कॉम्प्युटरवर चालायचा. समुद्र पुढे हलायचा, पण होडी सोडली की पुढे काळं.

मी होडी सोडतच नव्हतो. कारखान्यातून आलो की धक्क्यावर जाऊन उभा राहायचो, कीबोर्डला हात न लावता. थोड्या वेळानं ती म्हणायची, ‘उभा हायस व्हय अजून? बस. भरतीला टाइम हाय.’ मी भरपूर वाक्यं लिहून ठेवली होती, बरंच पुरायचं. शेवटचं वाक्य मी गेम बंद करायच्या बटणाला जोडून ठेवलं होतं. निघताना ते दाबलं की ‘ये जाऊन, बाला.’ मग मी दुसऱ्या दिवशी जायचो.

अशाच एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला. मावशींनी मुलाकडून लावून घेतला होता. त्यांचं ‘हॅलो’ ऐकलं आणि मी ताडकन उभा राहिलो, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ओरडलो, ‘मावशीऽ, मी बोलतोय. कशा आहात?’ समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

‘वरडू नको, बाला. मी हितंच हाय.’

मी खाली बसलो. त्यांनी तिकडचं सांगितलं. एसीनं पाय दुखतात, मासळी बर्फातली मिळते, नातू आता काटे स्वतः काढतो. मग म्हणाल्या, ‘माजा आवाज गेला का रं त्या गेममंदी?’

‘गेला.’

‘कोन आयकतं?’

‘एकजण येतो धक्क्यावर. बराच वेळ उभा असतो.’

‘येकटाच?’

‘एकटाच.’

मावशी आता खाली फरशीकडे बघत असणार हे मला इथून दिसलं. त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी जवळून आला, ताटाशी बसल्यासारखा.

‘जेवला का तो?’

‘नाही अजून.’

‘मंग जेवून ये, बाला. मी हाय हितं.’

मग त्या ‘येते’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी उठलो आणि भाताचा कुकर लावला.